विकिपीडियावर डंजन्स अँड ड्रॅगन्सचे लेख लिहिताय? या चुका टाळा

इंग्रजी विकिपीडियावर डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या पात्रं वठवून खेळायच्या खेळातल्या मॉन्स्टरांवर, पात्रांवर आणि साहस-पुस्तिकांवर लिहिलेले कितीतरी लेख वगळले गेले, नाहीतर एखाद्या लांबलचक यादीत विलीन झाले. बहुतेकांत माहिती चुकीची नव्हती. ती सगळी खेळाच्याच पुस्तकांतून उचललेली होती, हे त्यांना नडलं. वर्षानुवर्षं खेळणारा माणूस लिहायला बसला की त्याला खेळ पाठ असतो. खेळाबद्दल बाहेरच्यांनी काय छापलंय, हे मात्र त्याने कधी शोधलेलं नसतं.

वीस संदर्भ आहेत, तरी ‘उल्लेखनीयता’ साचा लागलाय

विषयाची बाहेरच्यांनी पुरेशी दखल घेतली आहे का, अशी शंका घेणारी ही लेखावरची सूचनापट्टी. संदर्भ एकदा तपासा. मॉन्स्टर मॅन्युअल, डंजन मास्टर्स गाइड, ड्रॅगन मासिक: सगळं टीएसआरचंच, म्हणजे खेळाच्या मूळ प्रकाशकाचंच. कंपनीने स्वतःच्या मालाबद्दल कितीही पानं भरली तरी उल्लेखनीयतेच्या हिशेबात ती शून्य. दोन स्वतंत्र, सविस्तर परीक्षणं या वीसांपेक्षा भारी पडतात.

ड्रॅगनचं प्रकरण जरा गुंत्याचं आहे. हे मासिक १९७६ पासून टीएसआर काढत होती. १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआरच विकत घेतली. पुढे २००२ ते २००७ पायझोने ते परवान्यावर छापलं. म्हणून डी अँड डीच्या पुस्तकासाठी ड्रॅगनमधला मजकूर स्वतंत्र धरला जात नाही. पण दुसऱ्या कंपनीच्या रूनक्वेस्ट किंवा ट्रॅव्हलर या खेळाचं परीक्षण त्यात सापडलं, तर ते खुशाल वापरा. आणि डी अँड डीच्या लेखातसुद्धा ‘ही कल्पना कुणाची’, ‘हा नियम का बदलला’ अशा माहितीला ड्रॅगन चालतं. फक्त लेखाचा सगळा भार त्यावर टाकू नका.

जुन्या पुस्तकांसाठी आधी व्हाइट ड्वार्फचे अंक चाळा. १९७७ मध्ये सुरू झालेल्या या ब्रिटिश मासिकात ‘ओपन बॉक्स’ नावाचं परीक्षणांचं सदर असे, दहापैकी गुण देत. मात्र ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते प्रकाशक गेम्स वर्कशॉपच्या स्वतःच्याच मालापुरतं उरलं, त्यामुळे नंतरच्या अंकांत वेळ घालवू नका. स्पेस गेमर, डिफरंट वर्ल्ड्स आणि फ्रेंच कासुस बेली ही नियतकालिकंही बघा. फ्रेंच संदर्भ इंग्रजी लेखात चालतो, मराठीतही चालतो.

चाहत्यांचे फँडम विकी, आरपीजीगीक हे खेळांच्या माहितीचं संकेतस्थळ, दुकानांची विक्रीपानं यांचा उल्लेखनीयतेला उपयोग नाही. ‘दहा सर्वांत खतरनाक मॉन्स्टर’ छापाच्या याद्यांनाही फारसं कुणी विचारत नाही.

संदर्भ देताना लेखकाचं नाव, परीक्षणाचा मथळा, मासिक, अंक क्रमांक, महिना-वर्ष आणि पान लिहा. एवढं पुरतं, दुवा सक्तीचा नाही. प्रताधिकार मोडून चढवलेल्या स्कॅनचा दुवा तर देऊच नका. संपादन बरोबर असूनही त्यापायी ते उलटवलं जातं.

लेख खेळाच्या आत शिरलाय

हे वाक्य पाहा: ‘बिहोल्डर अतिशय संशयी असून त्याच्या मधल्या डोळ्यापुढे जादू चालत नाही.’ वाचणाऱ्याला वाटेल असा प्राणी कुठेतरी आहेच. तेच असं लिहा: ‘बिहोल्डर हा डंजन्स अँड ड्रॅगन्समधला काल्पनिक मॉन्स्टर आहे. तो १९७५ च्या ग्रेहॉक या पुरवणीत पहिल्यांदा आला. एक मोठा डोळा आणि देठांवरचे दहा डोळे अशी त्याची रचना आहे.’ यापुढे चित्रं कशी बदलत गेली, समीक्षकांनी काय म्हटलं, हे यावं. हिट पॉइंट, आर्मर क्लास (मॉन्स्टरचा जीव आणि बचाव मोजणारे खेळातले आकडे) आणि हल्ल्यांचे तक्ते पूर्ण काढा. विकिपीडिया खेळाची मार्गदर्शिका नाही, आणि तक्ता ठेवला की पुढचा माणूस त्यात पाचव्या आवृत्तीचे आकडे भरतोच.

‘पण एसआरडी (खेळाच्या नियमांचा दस्तऐवज) तर मुक्त आहे ना?’ एसआरडी ५.१ जानेवारी २०२३ पासून सीसी बाय ४.० या मुक्त परवान्यावर आहे, हे खरं. पण त्यात नियमांचा एक भागच आहे, बाकी पुस्तकं नाहीत. आणि २००० सालचा ओजीएल हा खेळाचा परवाना विकिपीडियाच्या परवान्याशी जुळत नाही. त्यामुळे आपल्या शब्दांत लिहिणं सर्वांत सुरक्षित.

नाव एकच, पुस्तकं दोन

‘अनअर्थ्ड आर्केना’ १९८५ चं आहे आणि २००४ चंही. ‘डीइटीज अँड डेमिगॉड्स’ १९८० मध्ये निघालं, पुन्हा २००२ मध्ये निघालं. ‘रेव्हनलॉफ्ट’ म्हणजे १९८३ ची हिकमन दांपत्याची साहस-पुस्तिका, की १९९० ची कॅम्पेन सेटिंग, म्हणजे खेळाचं अख्खं काल्पनिक जग? नुसतं नाव लिहिलं की संदर्भ भलत्याच पुस्तकाला चिकटतो आणि पान क्रमांक जुळत नाही. प्रत्येक संदर्भात वर्ष टाका, मिळाला तर आयएसबीएनही. नंतरच्या छपाईचं वर्ष पहिल्या प्रकाशनाचं म्हणून देऊ नका. शिवाय १९७७ पासून बेसिक आणि ॲडव्हान्स्ड अशा दोन रांगा समांतर चालत होत्या. ‘पहिली आवृत्ती’ हे नाव ॲडव्हान्स्डच्या रांगेतलं, त्यामुळे १९८३ च्या बेसिक संचाला ते लावलं की चर्चा पान पेटलंच म्हणून समजा.

मराठी विकिपीडियावर काम करणाऱ्यांसाठी खास सूचना: राक्षस हा मॉन्स्टर या खेळात सत्तरच्या दशकापासून आहे. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये तो वाघाच्या तोंडाचा, हातात पाइप धरून बसलेला दिसतो. त्याचे उलटे तळहात आणि मंत्रवलेल्या बाणाने येणारं मरण हे खेळाचं आहे, रामायण-महाभारतातलं नाही. ही माहिती पौराणिक ‘राक्षस’ लेखात घुसडू नका. फार तर ‘आधुनिक खेळांतील चित्रण’ असा छोटा विभाग करा, तोही स्वतंत्र स्रोत असेल तरच.

मुखपृष्ठ चढवलं आणि उडालं

मुखपृष्ठाला प्रताधिकार असतो, म्हणून ते कॉमन्सवर (विकिपीडियांच्या मुक्त चित्रांच्या सामायिक साठ्यात) चालत नाही. इंग्रजी विकिपीडियावर ‘न्याय्य वापर’ म्हणून, कारणमीमांसा भरून, एका लेखापुरतं चढवता येतं. आकार साधारण एक लाख पिक्सेलच्या आत ठेवा, म्हणजे उभ्या मुखपृष्ठाला २७० बाय ३७० च्या आसपास. लेख धूळपाटीत (सरावाच्या पानावर) किंवा मसुद्यात असताना चढवू नका. तिथे अशा चित्रांना परवानगीच नाही, आणि कुठल्याच लेखात न वापरलेलं चित्र सात दिवसांत वगळलं जातं. आधी लेख मुख्य नामविश्वात (प्रकाशित लेखांच्या विभागात) न्या, मग चित्र.

वगळण्याचा प्रस्ताव आला

आधी प्रकार ओळखा. ‘प्रॉड’ (चर्चेविना वगळण्याचा प्रस्ताव) असेल तर सात दिवसांच्या आत कुणीही, अगदी लेखाचा कर्तासुद्धा, तो काढू शकतो. काढताना संपादन सारांशात कारण द्या. एकदा काढलेला प्रॉड त्याच लेखावर पुन्हा लावता येत नाही. ‘एएफडी’ (वगळण्यावरची जाहीर चर्चा) असेल तर साचा काढू नका. सात दिवस चर्चा चालते.

इथे हमखास होणारी घोडचूक म्हणजे खेळाच्या ग्रुपवर निरोप टाकून मित्रांना मत द्यायला बोलावणं. ही मतमोजणी नाही. कालच उघडलेल्या खात्यांवरून आलेली ‘ठेवा, खूप प्रसिद्ध आहे’ अशी वाक्यं चर्चा बंद करणारा प्रचालक (विशेष अधिकार असलेला संपादक) बाजूला सारतो, आणि निरोप टाकणाऱ्यावर चर्चा वळवल्याचा ठपका येतो. त्यापेक्षा दोन परीक्षणं शोधा, अंक-पानासह चर्चेत मांडा आणि लगेच लेखातही घाला.

स्रोत खरोखर नसतील तर ‘ठेवा’ म्हणून अडून बसू नका. मॉन्स्टरांच्या यादीत विलीनीकरण आणि पुनर्निर्देशन (जुन्या नावावरून वाचकाला यादीकडे नेणं) मागा. वगळलेल्या लेखाचा इतिहास फक्त प्रचालकांना दिसतो. पुनर्निर्देशनामागचा इतिहास सगळ्यांना. उद्या एखाद्या जुन्या मासिकात परीक्षण सापडलं तर तिथूनच जुना मजकूर काढून पुढे काम करता येतं. विलीन करताना मजकूर कुठून आणला ते सारांशात दुव्यासह लिहा, नाहीतर मूळ लेखकांचं श्रेय तुटतं आणि ते परवान्यात बसत नाही.