कमाटीबागेत वर्ग न्यायचा असेल तर

बडोद्यात इतिहास शिकवायला नव्याने लागलात की कुणीतरी ज्येष्ठ तयार मार्ग हातात ठेवतात: लक्ष्मीविलास, न्यायमंदिर, कीर्तिमंदिर, सेंट्रल लायब्ररी, सगळं एका दिवसात. नम्रपणे नाही म्हणा. त्यातून सहल होते, इतिहास होत नाही. दोन तास आणि एकच जागा पुरे: कमाटीबाग, म्हणजे आजची सयाजीबाग.

खरा खड्डा मात्र वेगळाच आहे. आपल्या मराठी घरांत सयाजीराव हा जिव्हाळ्याचा विषय. १८९३ साली अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणि १९०६ मध्ये ते राज्यभर, हे सगळं खरंच आहे. खरं आहे म्हणूनच फसायला होतं. ‘महाराज थोर होते’ एवढं लिहून मुलं मोकळी होतात आणि अन्याय कुणी केला, हा प्रश्न वहीत येतच नाही. अंत्यज शाळा, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीच्या शाळा, दरबाराने काढल्या, पण तिथे शिकवायला हिंदू शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. हुकूम कुणाचा आणि अंमल कुणाच्या हातात, हे दोन रकाने फळ्यावर आखा. पुढचं सगळं त्यांतच भरायचं.

आता कमाटीबाग. १९१३ मध्ये याच दरबाराच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबियाला गेले आणि १९१७ मध्ये इथे नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तिथून निघायला लावलं. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती ओळखीच्या माणसाकडे विचारून पाहिलं, दोघांनीही टाळलं. मुंबईच्या गाडीला वेळ होता, ते पाच तास त्यांनी या बागेत काढले. हे त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवलंय. ते पान आदल्या तासाला वर्गात वाचा. बागेत गोंगाटात वाचलेलं कुणाला ऐकू जात नाही.

बागेतल्या संकल्पभूमीपाशी, म्हणजे आंबेडकरांनी झाडाखाली अस्पृश्यता मिटवण्याचा संकल्प केला असं लोक मानतात त्या जागी, मुलं हमखास विचारतात, ‘सर, झाड हेच का?’ आंबेडकरांच्या त्या लिखाणात बाग आहे, आईवडिलांची आठवण आहे. झाड आणि संकल्प नाहीत. घाबरू नका, आणि श्रद्धेची टिंगलही करू नका. लिहिलेलं काय आणि लोकांनी जपलेलं काय, हे मुलांनाच वेगळं करू द्या. चौदा वर्षांच्या मुलांना ते छान जमतं.

एक मात्र कधीच करू नका: ते पान वर्गातल्या दलित मुलाला मोठ्याने वाचायला लावू नका, ‘तुमच्या घरी काय सांगतात?’ असंही त्यालाच विचारू नका. वाचन तुम्ही करा. प्रश्न उलट बाजूने टाका: त्या दोन ओळखीच्यांच्या जागी आपलं घर असतं तर? इथे वर्ग गप्प होतो. होऊ द्या, लगेच भाषण सुरू करू नका.

दफ्तरखान्याची हौस असेल तर कोठीत जा, पण मोडीच्या नादी आधी लागू नका. राज्याची आज्ञापत्रिका, म्हणजे सरकारी राजपत्र, छापील गुजरातीत आहे. ती वाचता आली तरी वर्षभराचं काम निघतं.