सुट्टीतला पत्त्यांचा अड्डा: किती माणसं, कोणता डाव आणि भांडण कुठे होतं

मे महिन्यात घरात आठ-दहा माणसं जमतात. दुपारी जेवणं उरकली की बाहेर पडावंसं वाटत नाही आणि ऊन उतरायला अजून तीन तास असतात. या वेळेला पत्त्यांसारखा सोबती नाही. तरी पुष्कळ घरांत अर्ध्या तासात डाव मोडतो. कधी मुलं कंटाळतात, कधी आजी 'मला नाही जमत' म्हणून उठते, कधी हुकमावरून, म्हणजे बाकी रंगांना मारणाऱ्या रंगावरून, वाद होतो. याचं मूळ बहुतेक वेळा दोनच गोष्टींत असतं: माणसांच्या संख्येला न शोभणारा खेळ निवडलेला असतो आणि घरचे नियम पानं वाटण्याआधी ठरलेले नसतात.

सुरुवात पत्त्यांच्या कॅटपासून करा. पेटी उघडली की आधी मोजायचं. ५२ पानं भरली तरी चारही रंग एक्क्यापासून राजापर्यंत लावून बघा, कारण जुन्या कॅटमध्ये दुसऱ्या कॅटचं पान सहज घुसलेलं असतं. मग चौकटची पंजी दोनदा येते आणि किलवरची नव्वी गायब असते. एखादंच पान हरवलं असेल तर जोकरवर पेनाने ते पान लिहा आणि सगळ्यांना दाखवा. दोन हरवली असतील तर मात्र कॅट बदला. साधे कागदी पत्ते कोकणातल्या दमट हवेत चार दिवसांत मऊ पडतात आणि एकमेकांना चिकटतात. प्लास्टिकचे टिकतात आणि धुताही येतात, पण घामट हातांत त्यांच्या जोड्या निघतात आणि वाटताना एकाला चौदा, दुसऱ्याला बारा पानं जातात. दोन्हींवर उपाय एकच: चिमूटभर टाल्कम पावडर कोरड्या फडक्यावर घेऊन पानं पुसून काढायची. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर मोठ्या आकड्यांचा कॅट घ्या. 'मला नाही जमत' यामागे बरेचदा एवढंच असतं की इस्पिक आणि किलवर यांतला फरक त्यांना दुपारच्या अंधुक खोलीत दिसत नाही.

बसायला सतरंजी आणि तिच्यावर ताणून घातलेली चादर. नुसत्या फरशीवरून पान उचलताना नखाने वाकतं. पंखा डोक्यावर नको, थोडा बाजूला हवा, नाहीतर उलटं पडलेलं पान सुलटं होतं आणि तिथेच वाद.

पिसण्याकडे आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही. मेंढीकोट या चौघांच्या खेळाचा डाव संपला की पानं हातांच्या (एकेका फेरीत जिंकलेल्या पानांच्या) गठ्ठ्यांत, म्हणजे रंगवार जमलेली असतात. तो गठ्ठा वरवर चार वेळा उलटसुलट करून वाटला की एकाकडे सात बदाम आणि दुसऱ्याकडे एकही नाही, असं वारंवार होतं. मग 'याचं नशीबच भारी' अशी कुजबुज सुरू होते. कॅटचे दोन भाग करून कडा एकमेकांत फरफर सोडत पिसता येत असेल तर सात वेळा पिसलं की पानं नीट मिसळतात. ते जमत नसेल तर सगळी पानं चादरीवर उलटी पसरा, दोन्ही तळव्यांनी मिनिटभर गोल ढवळा आणि गोळा करा. हे काम मुलांना द्या, त्यांना फार आवडतं. पिसल्यावर शेजारच्याकडून कापून घ्यायला विसरू नका.

आता खेळ. दोघंच जागे असतील तर 'सात-आठ' हा खेळ. तिघं असतील तर पाच-तीन-दोन: चारही रंगांची एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची २८ पानं आणि त्यांत इस्पिक व बदाम यांच्या सत्त्या, अशी ३० पानं घ्यायची, प्रत्येकी दहा. पहिली पाच पानं बघून एकजण हुकूम सांगतो आणि त्याला पाच हात करावे लागतात. वाटणाऱ्याला दोन, उरलेल्याला तीन. ज्याचे हात जास्त झाले तो पुढच्या डावात कमी झालेल्याच्या पानांतून न बघता तेवढी पानं ओढतो आणि आपल्याकडची नकोशी पानं परत करतो. गल्लोगल्ली फरक आहे तो या ओढण्याच्या नियमात, तेव्हा तो आधी बोलून घ्या.

चौघं असतील तर मेंढीकोट, दुसरं काही शोधूच नका. समोरासमोरचे दोघं भिडू. प्रत्येकाला तेरा पानं, पाच-चार-चार अशी वाटायची. एक्का सर्वांत मोठा, दुर्री सर्वांत लहान. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, आणि सगळा जीव त्यांच्यात. तीन मेंढ्या ज्या बाजूला ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर सात हात ज्याचे त्याचा डाव. चारही आल्या तर कोट, आणि तेराच्या तेरा हात केले तर बावनी. हरलेल्या बाजूने पिसायचं.

हुकूम दोन तऱ्हांनी होतो. बंद हुकमात वाटणाऱ्याच्या शेजारचा आपलं एक पान उलटं ठेवतो. ज्याच्याकडे उतारीचा, म्हणजे फेरीतल्या पहिल्या पानाचा, रंग नसेल तो 'हुकूम खोला' म्हणू शकतो, आणि खोलायला लावल्यावर हुकमाचं पान असेल तर ते टाकावंच लागतं. कट हुकमात आधी काहीच ठरत नाही. ज्याचा रंग पहिल्यांदा संपेल तो जे पान टाकेल तोच हुकूम. नवशिक्यांबरोबर कट हुकूम खेळा. समजायला सोपा आहे आणि उलटं ठेवलेलं पान कुठलं होतं हा प्रश्नच येत नाही.

कट हुकमात एक चूक हमखास होते. रंग नाही म्हटल्यावर नवखा खेळाडू घाईघाईने सगळ्यांत निरुपयोगी पान फेकतो, समजा चौकटची तिर्री, आणि त्याच्याकडे चौकटची तेवढी एकच असते. आता पुढचा सगळा डाव चौकट हुकूम आणि याच्या हातात हुकूम शून्य. रंग तोडताना नेहमी ज्या रंगाची पानं सगळ्यांत जास्त आहेत त्यातलं लहान पान टाका. तसा लांब रंग हातात नसेल तर एखाद्याच पानाचा रंग आधी संपवायच्या मागे लागू नका, तोडायची पाळी दुसऱ्यावर येऊ द्या.

मेंढी कधी सोडायची यावर खेळ उभा आहे. दश्शीच्या वर त्या रंगाची चारच पानं असतात: गुलाम, राणी, राजा, एक्का. ती चार गेली की नाही एवढं लक्षात ठेवलं तरी तुम्ही निम्मे मेंढीकोट शिकलात. एकटी मेंढी, म्हणजे त्या रंगाचं दुसरं पानच नाही, ही सगळ्यांत धोक्याची. तो रंग उतरला की ती पडणारच. तिच्यासोबत दोन लहान पानं असतील तर दोन फेऱ्या निभावतात. रंगाची पहिली फेरी बहुतेक वेळा सुरक्षित असते, कारण तेव्हा त्या रंगाची तेराही पानं चौघांच्या हातांत असतात. दुसरी सांभाळून. दोन फेऱ्यांत आठ पानं गेली की चौघांत मिळून पाचच उरतात, तेव्हा तिसऱ्या फेरीला कोणीतरी हुकूम मारणारच असं धरून चाला. म्हणून एक्का हातात दाबून ठेवण्यात शहाणपण नाही. एक्का उतरवा आणि भिडूला मेंढी टाकायची संधी द्या. उलट बाजूने बघायचं तर भिडूचा हात पक्का झालाय आणि तुम्ही चौथे आहात, अशा वेळी मेंढी टाकायला क्षणभरही थांबू नका. दुसऱ्या क्रमांकावर बसून, भिडूचं पान अजून यायचं असताना 'त्याच्याकडे एक्का असेल' या भरवशावर मेंढी टाकली की ती गेलीच म्हणून समजा.

भांडण होतं ते 'रंग होता तरी घातला नाही' यावरून. पुढे तेच पान बाहेर येतं आणि सगळे ओरडतात. जिंकलेले हात एकावर एक आडवे-उभे रचून ठेवा, म्हणजे मागचा हात उलगडून बघता येतो. मोठ्यांनी अशी चूक केली तर त्या बाजूने डाव हरला असं ठरवा. दहा वर्षांखालच्या मुलाने केली तर हात परत घेऊन दुरुस्त करू द्या. पण हे सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगा, नाहीतर मोठ्यांना तो पक्षपात वाटतो आणि मुलाला दया. आणि भिडूला खाणाखुणा नाहीत. कानाला हात, खाकरणं, 'बघ हं जरा' हे सगळं बंद. जोडी नवरा-बायकोची किंवा दोघा भावांची असेल तर हे विशेष पाळायला लागतं, म्हणून भिडू चिठ्ठ्या टाकून पाडलेले बरे.

सहा जण असतील तर चारही दुर्र्या बाजूला काढा. ४८ पानं उरतात, प्रत्येकी आठ. तीन-तीनच्या दोन बाजू, आणि बसायचं एकाआड एक. हात आठच होत असल्यामुळे दोन-दोन मेंढ्या आणि चार-चार हात असा डाव अडतो. तो बरोबरीत सोडून पुन्हा वाटा.

पाचपासून आठपर्यंत आणि त्यांत लहान मुलं असतील तर बदाम सात. बदामाची सत्ती ज्याच्याकडे तो सुरू करतो. मग सत्तीच्या एका अंगाला छक्कीपासून एक्क्यापर्यंत आणि दुसऱ्या अंगाला अठ्ठीपासून राजापर्यंत पानं लागत जातात. बाकीच्या रंगांच्या सत्त्या आपापल्या पाळीला. पाच जणांत वाटताना दोघांकडे अकरा आणि तिघांकडे दहा पानं जातात. आठ जणांत चौघांकडे सात, चौघांकडे सहा. हा फरक राहणारच, म्हणून वाटणारा दर डावाला बदला. पान लागत असताना 'पास' म्हणायचं नाही, हा नियम कडक ठेवा. डावपेच उरतो तो लागणाऱ्या दोन-तीन पानांतून कुठलं टाकायचं यात. ज्या रंगाचा राजा किंवा एक्का तुमच्याकडे अडकलाय तो रंग मोकळा करत न्या. ज्या रंगात छक्कीच्या पलीकडचं तुमच्याकडे काही नाही ती छक्की जमेल तितकी शेवटी टाका. कोणीतरी सुटला की बाकीच्यांच्या हातातल्या पानांचे गुण त्यांच्या नावावर मांडायचे: एक्का १, गुलाम ११, राणी १२, राजा १३. ज्याचे १०० आधी भरतील त्याने सगळ्यांसाठी सरबत करायचं. पैसे लावू नका. चार आण्यांचा डाव असला तरी हरणाऱ्या मुलाचं तोंड बदलतं आणि खेळाची मजा तिथेच संपते.

सहा-सात वर्षांच्या मुलांना दहा पानं हातात धरता येत नाहीत. पानं सांडतात, सगळ्यांना दिसतात आणि मूल रडकुंडीला येतं. पानं रंगवार लावून खाली कपडे वाळवायचा चिमटा लावून द्या. नाहीतर मिठाईच्या खोक्याचं झाकण आडोशाला उभं करून त्यामागे पानं मांडू द्या. मोठ्या माणसाने मागे बसून 'हे टाक, हे टाक' करत राहणं मात्र टाळा. मग मूल नाही, मागचाच खेळत असतो.

रात्री जेवणानंतर, सगळे जरा सैलावले की झब्बू. सगळी पानं वाटून टाकायची, कमीजास्त गेली तरी चालतात. इस्पिकचा एक्का ज्याच्याकडे त्याची पहिली उतारी. सगळ्यांनी रंग घातला तर तो हात जळाला, बाजूला ठेवायचा, आणि मोठ्या पानवाल्याने पुढची उतारी करायची. एखाद्याकडे रंग नसेल तर तो दुसऱ्या रंगाचं पान टाकून झब्बू देतो. फेरी तिथेच थांबते आणि उतारीच्या रंगाचं सगळ्यांत मोठं पान ज्याचं त्याने पडलेली सगळी पानं उचलायची. शेवटी पानं ज्याच्या हातात उरतील तो हरला. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत प्रत्येकाकडे बहुतेक सगळे रंग असतात आणि हात जळतात, म्हणून एक्के-राजे तेव्हाच काढून टाका. शेवटपर्यंत लहान पानं जपलेला सुटतो. घोळ होतो तो एका ठिकाणी: हात जिंकला, पण जिंकणाऱ्याकडे पानच उरलं नाही. आता उतारी कोणाची? तो सुटला आणि पुढच्याची उतारी, असं आधीच ठरवून ठेवा. पहिल्या हाताला झब्बू चालणार की नाही, हेही. आठाहून जास्त माणसं असतील तर दोन कॅट एकत्र करा आणि सारखीच दोन पानं पडली तर नंतर टाकलेलं मोठं धरा.

कोणाचा सुट्टीचा बेत कोकणात असेल तर सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा जरूर बघा. हाताने रंगवलेली ही गोल पानं. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० पानं असतात. मुलांना नेण्याआधी ५२ पानांचे चार रंग त्यांच्या हातांत चांगले बसलेले असू द्या, मग त्या दहा रंगांसमोर ती आपणहून थांबतात.

रेल्वेत खेळायचं असेल तर समोरासमोरच्या दोन बाकांमध्ये सुटकेस आडवी ठेवून तिच्यावर टॉवेल पसरा. तिथे पाच-तीन-दोन किंवा मेंढीकोट उत्तम चालतो. बदाम सात नको, त्याची मांडणी पसरट असते आणि पहिल्याच धक्क्याला सगळ्या रांगा सरकतात. खिडकी बंद ठेवा किंवा खिडकीशी बसणाऱ्याला वाटायला देऊ नका. मुक्काम जवळ आला की उतरायच्या पंधरा मिनिटं आधी डाव थांबवून पानं मोजा. ५१ भरली तर बावन्नावं पान बहुधा टॉवेलच्या घडीत किंवा बाकाच्या फटीत असतं.