उबुंटू अपग्रेडनंतर मायएसक्यूएल ८.० अर्धवट कॉन्फिगर राहिलं तर (माझा अनुभव)

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचा सर्व्हर उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर नेला. त्यावरच्या मायएसक्यूएल (डेटाबेस सॉफ्टवेअर) ५.७ चं ८.० होताना पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट (पॅकेज टाकल्यावर त्याची मांडणी करणारी) एरर देऊन थांबली. पुढे एपीटीने (उबुंटूचं पॅकेज टाकायचं साधन) काहीही टाकायला गेलं की तोच एरर.

मशीन रीस्टार्ट केलं, पॅकेज काढून पुन्हा टाकलं, फरक नाही. रिमूव्ह केलं तरी कॉन्फिग फाइल जागेवरच राहते. पर्ज (कॉन्फिग फाइलींसकट पॅकेज काढणं) मात्र अजिबात करू नका, त्यात डेटाही पुसला जाऊ शकतो. सौद्याच्या दिवशी बिलं बंद, जीव टांगणीला लागला होता.

कारण एरर लॉगमध्ये सापडलं: ‘अननोन व्हेरिएबल क्वेरी_कॅश_लिमिट’. क्वेरी कॅश (आधीच्या क्वेरींची उत्तरं साठवून ठेवायची सोय) ८.० मधून काढूनच टाकलाय. ५.७ च्या मूळ कॉन्फिग फाइलमध्ये मात्र त्या ओळी असतात. त्याच फाइलमध्ये बाइंड-अ‍ॅड्रेस (सर्व्हर कोणत्या पत्त्यावर ऐकतो ती सेटिंग) बदललेला असल्याने अपग्रेडने विचारल्यावर जुनी फाइल ठेवली होती, म्हणून त्या तशाच राहिल्या.

आधी मायएसक्यूएल बंद असतानाच व्हार-लिबमधल्या डेटा फोल्डरची कॉपी घ्या. मग मायएसक्यूएलडी.सीएनएफ ही कॉन्फिग फाइल उघडून क्वेरी_कॅश_लिमिट आणि क्वेरी_कॅश_साइझ या दोन्ही ओळींपुढे # लावा. त्याच फाइलमधल्या एसक्यूएल_मोड या सेटिंगमध्ये नो_ऑटो_क्रिएट_युझर असेल तर तेही काढा, ८.० त्यावरही अडतं. नवी फाइल शेजारीच .डीपीकेजी-डिस्ट नावाने असते, ती ताडून पाहा. मग अर्धवट राहिलेलं कॉन्फिगरेशन पूर्ण करायला ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. मायएसक्यूएलचा डेमन (मागे चालणारा प्रोग्रॅम) इथेच सुरू होतो. पहिल्यांदा डेटा अपग्रेड होत असतो, मध्ये कंट्रोल-सी दाबू नका. शेवटी ‘सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल’, आणि ‘सिस्टमसीटीएल स्टेटस मायएसक्यूएल’ने अ‍ॅक्टिव्ह दिसतंय का पाहा.