हेडफोनची केबल घरीच बनवली: माझा अनुभव

माझ्या हेडफोनची मूळ केबल जॅकपाशी तुटत आली होती. वायर हलवली की डावा कान बंद. केबल सुटी होणारी, दोन्ही कपांना वेगळी पिन. त्यामुळे हेडफोन न उघडता काम होणार होतं.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून चार कोरची (आत चार वेगळ्या तारा असलेली) मऊ वायर, ३.५ मिमीचा स्टिरिओ जॅक, कपांसाठी दोन पिना आणि हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून जोड झाकणारी नळी) आणली. वायर निवडताना घाई नको. कडक वायर कपड्यांना घासली की तो आवाज थेट कानात येतो.

जॅकची जोडणी ठरलेली: टोकाला डावा, मधल्या कड्याला उजवा आणि मागच्या भागाला दोन्हींचे ग्राउंड (परतीच्या तारा) एकत्र. कपाकडची जोडणी मात्र कंपनीगणिक बदलते, म्हणून जुनी केबल मल्टिमीटरने (कुठली तार कुठे जोडली आहे ते दाखवणाऱ्या मीटरने) तपासून कागदावर लिहून घ्यावी.

खरी कसोटी सोल्डरिंगची, म्हणजे वितळलेल्या धातूने तारा जोडण्याची. बारीक तारांवर इनॅमलचा (वीज अडवणाऱ्या लेपाचा) थर असेल तर सोल्डर धरतच नाही. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन तार त्यात थोडा वेळ बुडवली की थर जळतो आणि तार चकचकीत होते. धूर निघतो, खिडकी उघडी ठेवाच. सोल्डर करण्याआधीच जॅकचं झाकण आणि ट्यूब वायरीवर ओवायची.

शेवटी कुठे शॉर्ट (दोन तारा एकमेकींना टेकणं) नाही ना ते तपासलं, मगच फोनला लावलं. आता वायर कशीही हलवली तरी दोन्ही कान सुरू असतात, आणि लांबीही मला हवी तेवढीच आहे.