1772 सालचं व्हर्जिनिया नाशिकच्या रंगमंचावर: कापड, शिवण आणि दुकानाची मांडणी

राज्य नाट्य स्पर्धेला किंवा कॉलेजच्या एकांकिकेला अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींचा काळ घेतला, की बहुतेक संघ भाड्याच्या कपडेपटाकडे वळतात. तिथे चकचकीत सॅटिनचे कोट, सोनेरी लेस आणि नायलॉनच्या केसांचे पांढरे टोप मिळतात. ते चढवले की जमीनदार, दुकानदार, सुतार सगळे एकाच थरातले दिसायला लागतात. मग कोण कुणापुढे का वाकतं, कुणाला उधारी मिळते आणि कुणाला दारातच थांबवतात, हे प्रेक्षकाला नुसतं ऐकावं लागतं, डोळ्यांना दिसत नाही.

त्या समाजात कपड्यांची बेतणी सगळ्या थरांत बरीचशी सारखी होती. शर्ट जमीनदाराचा असो की शेतावर राबणाऱ्या गुलामाचा, तो चौकोनी तुकड्यांचाच. माणसाची पायरी कळायची ती सूत किती बारीक, कापड किती पांढरंशुभ्र आणि कोट अंगाला किती नेमका बसलाय यावरून. शिवाय तेव्हा शिलाईपेक्षा कापड महाग होतं, म्हणून जुना झगा उसवून, उलटवून पुन्हा शिवायचे. तुमचं बजेटही तसंच लावा: आधी कापड, मग शिलाई, आणि लेस सगळ्यात शेवटी.

साल आणि गाव पक्कं करा

‘वसाहतींचा काळ’ दीडशे वर्षांहून मोठा आहे. 1651 मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदाच केला होता, की 200 पौंडांपेक्षा कमी मालमत्ता असलेल्यांनी सोन्या-चांदीची लेस किंवा बटणं वापरायची नाहीत. दंड 10 शिलिंग. साउथ कॅरोलिनाच्या 1740 च्या कायद्यात गुलामांनी कोणतं कापड घालायचं याची यादीच होती: जाडंभरडं लोकरी कापड, ऑस्नाबर्ग नावाचं खरबरीत लिनन, निळं आणि चौकड्यांचं लिनन. फक्त मालकाच्या वर्दीतल्या नोकरांना त्यातून सूट. संहितेतलं साल वीस वर्षं इकडेतिकडे झालं, तरी कपडे आणि कायदे दोन्ही चुकतात.

पहिल्यांदाच हात घालत असाल तर विल्यम्सबर्ग, व्हर्जिनिया, साल 1772 घ्या. व्हर्जिनियातला इंग्रजी मालावरचा बहिष्कार 1771 मध्ये ढिला पडला होता, त्यामुळे दुकानात लंडनचा माल भरलेला दाखवता येतो. कथा 1 डिसेंबर 1774 नंतरची असेल तर चित्र उलटं: ‘कॉन्टिनेंटल असोसिएशन’ या वसाहतींनी मिळून केलेल्या कराराचा बहिष्कार सुरू झालेला असतो, नवा इंग्रजी माल आणि चहा दिसला की चूक. बहिष्काराचा प्रवेश रंगवायचा असेल तर डिसेंबर 1769 घ्या. तेव्हा विल्यम्सबर्गच्या नृत्यसमारंभाला स्त्रिया घरी सूत कातून विणलेल्या कापडाचे झगे घालून आल्या होत्या. स्वदेशीची चळवळ पाहिलेल्या नाशिकमध्ये हा प्रवेश वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

संदर्भासाठी दोन गोष्टी फार उपयोगी पडतात. चित्रकार जॉन सिंगलटन कॉप्लीने 1768 मध्ये काढलेलं पॉल रिव्हिअरचं चित्र: चांदीकाम करणारा कारागीर, अंगात कोट नाही, डोक्याला टोप नाही, नुसता शर्ट आणि उघडा वेस्टकोट. शर्टाच्या बाहीला खांद्याशी किती चुण्या आहेत ते त्यात स्पष्ट दिसतं. दुसरी गोष्ट म्हणजे ‘व्हर्जिनिया गॅझेट’ या वर्तमानपत्रातल्या, पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्यासाठी मालकांनी दिलेल्या जाहिराती. हेतू क्रूर, पण अंगावरच्या प्रत्येक कपड्याचं कापड आणि रंग त्यांत नोंदलेला असतो. कष्टकऱ्यांच्या कपड्यांची इतकी बारकाईची माहिती त्या काळच्या चित्रांत क्वचितच मिळते.

कापडाची खरेदी

मेन रोड आणि कापडपेठेत एका दुपारी बहुतेक सगळं जमतं. सोबत प्रत्येक पात्राची मापं, कात्री आणि शक्य असेल तर शिवणारी व्यक्ती न्या. थरांप्रमाणे असं घ्या:

- गुलाम आणि मजूर: कोरा मांजरपाट. मालेगावच्या मागावरचं न धुतलेलं कापड ऑस्नाबर्गच्या रंगाला फार जवळ जातं. वर निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं साधं सुती.
- दुकानदार, कारागीर, त्यांच्या बायका: धुवट कॅम्ब्रिक किंवा पॉपलिन; वेस्टकोट आणि परकरासाठी तपकिरी, विटकरी, नीळ रंगाचं बिनचमकीचं कापड.
- जमीनदार: शर्टासाठी खरं लिनन, झालरीसाठी बारीक मलमल, कोटासाठी 58 इंच पन्ह्याचं साधं लोकरी सुटिंग 3 मीटर आणि तेवढंच अस्तर.

बजेट अपुरं पडलं तर खरं लिनन एकाच शर्टापुरतं घ्या आणि तो जमीनदाराला द्या. बाकीचं सुती चालून जातं. सॅटिन मात्र कुणालाच नको, दिव्यांखाली ते प्लॅस्टिकसारखं चमकतं.

छापील कापडाबद्दल सांभाळा. 1721 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये छापील सुती कापड वापरायला बंदी घातली, पण वसाहतींना हिंदुस्थानी छीट पाठवायला मोकळीक होती. त्यामुळे व्हर्जिनियातल्या दुकानदाराच्या बायकोच्या अंगावर कोरोमंडल किनाऱ्याची छीट दाखवणं बरोबर आहे. पांढऱ्या जमिनीवर मंजिष्ठी लाल आणि निळ्या वेलींची कलमकारी घ्या. मोठ्या कोयऱ्या, सोनेरी खडीकाम आणि काठ असलेलं काहीही टाळा. पैठणीचा किंवा इरकलीचा काठ घेराला लावला, की तो झगा त्या क्षणी येवल्याचा किंवा इलकलचा होतो.

मांजरपाट बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, खळ जाईपर्यंत चोळून धुवा, सुकवून इस्त्री करा. मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर सहज आटतो. न धुता शिवलेला शर्ट पहिल्या धुण्यात मनगटावर चढतो, आणि त्या काळात उघडं मनगट म्हणजे दुसऱ्याचा उतरलेला शर्ट.

पुरुषाचा शर्ट

44 इंची पन्हा असेल तर आटणं धरून पावणेतीन मीटर घ्या. अंगासाठी 2 मीटर लांब, 90 सेंटिमीटर रुंद असा एकच पट्टा काढून खांद्यावर दुमडायचा. बाजूला उरलेल्या 22 सेंटिमीटरच्या पट्टीतून कॉलर, मनगटपट्ट्या आणि चौबगले (काखेत बसवायचे चौरस तुकडे) निघतात. उरलेल्या लांबीतून 55 बाय 55 चे दोन तुकडे म्हणजे बाह्या.

दुमडीवर मधोमध 36 सेंटिमीटरची आडवी चीर, आणि तिच्या मध्यापासून पुढच्या बाजूला 25 सेंटिमीटरची उभी चीर. गळ्याच्या चुण्या घालून 42 सेंटिमीटरच्या कॉलरमध्ये बसवा. काखेत 14 सेंटिमीटरचा चौरस चौबगला तिरका बसवायचा. जुन्या पद्धतीची बंडी शिवणाऱ्या शिंप्याला हे काम तोंडपाठ असतं. चौबगला गाळला तर नटाने हात वर करताच काख उसवते. बाहीची मनगटपट्टी मजुराला दीड-दोन सेंटिमीटरची पुरते. जमीनदाराला मनगटावर आणि छातीच्या चिरेवर मलमलीची झालर हवी, पण ती कच्च्या टाक्याने लावा, म्हणजे धुताना काढता येते. दिसणारी तुरपाई हाताने करा, मशीनचा टाका तिसऱ्या रांगेतूनही ओळखू येतो.

ब्रीचेससाठी, म्हणजे गुडघ्याखाली संपणाऱ्या विजारीसाठी, जुनी फॉर्मल पँट गुडघ्याखाली 10 सेंटिमीटरवर कापा. पट्ट्याचे लूप काढा, कमरेचा पट्टा तेव्हा वापरत नसत. बाहेरची शिवण खालून 10 सेंटिमीटर उसवून चार बटणं लावा आणि गुडघ्याच्या वाटीखाली पट्टी-बकल द्या. पुढच्या झिपवर आडवी झडप शिवा. पायमोजे गुडघ्याच्या वर गेलेच पाहिजेत: फुटबॉलचे पांढरे मोजे वर ओढून नाडीने बांधा. बसल्यावर उघडा गुडघा दिसला तर पोशाख फसला. आणि जमीनदार परक्यांसमोर कोटाशिवाय येत नाही, हे दिग्दर्शकाला आधीच सांगून ठेवा.

स्त्रीचा पोशाख, आतून बाहेर

सगळ्यात आत शिफ्ट, म्हणजे गुडघ्याखाली पोचणारा सैल अंतर्झगा, तिची बेतणी शर्टासारखीच. त्यावर ताठ काड्यांची चोळी. ही कष्टकरी बायकांच्याही अंगात असायची, त्यामुळे ती गाळू नका. तिच्याशिवाय झग्याच्या छातीवर सुरकुत्या पडतात. जाड कॅनव्हासच्या दोन थरांत 7 मिलिमीटरच्या उभ्या नळ्या मशीनने शिवा आणि त्यांत 4.8 मिलिमीटरचे केबल टाय सरकवा. टायची टोकं गोल कापून विस्तवावर हलकी वितळवा, नाहीतर दुसऱ्या प्रयोगाला कापड फोडून बाहेर येतात. पाठीवर दोन्ही कडांत 5 सेंटिमीटरची फट ठेवा. नाडी एकच, नागमोडी वर चढणारी. बुटाच्या लेससारखी फुलीची बांधणी इथे नको. नाडीची भोकं दोऱ्याने काजासारखी विणा, पितळी रिंगा चमकतात. चोळी कंबर आवळण्यासाठी नसते. कमरेला 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त ओढू नका आणि बांधल्यावर नटीकडून तिचं सगळ्यात लांब वाक्य एका श्वासात म्हणून घ्या.

चोळीवर, परकराखाली, कमरेला बांधायचा खिसा. हा कपड्याला शिवलेला नसतो. 40 सेंटिमीटर लांब, खाली 28 आणि वर 16 सेंटिमीटर रुंद असा पेरूच्या आकाराचा बटवा शिवा, पुढच्या बाजूला 20 सेंटिमीटरची उभी चीर ठेवा आणि दीड मीटर नाडीने बांधा. दुकानाच्या प्रवेशात नटी परकराच्या बाजूच्या चिरेतून हात घालते, चाचपते, नाणं काढते. या एका हालचालीने प्रवेश त्या काळात जातो, म्हणून ती तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून करून घ्या.

परकर दोन हवेत, एकावर एक. प्रत्येकाला 2 मीटर 10 सेंटिमीटर कापड: 44 इंची पन्ह्याच्या दोन पट्ट्या बाजूंना जोडायच्या, पण वरचे 25 सेंटिमीटर दोन्हीकडे उघडे, तीच खिशाची चीर. पुढच्या भागाला वेगळी पट्टी-नाडी, मागच्याला वेगळी. मागचा भाग पुढे बांधायचा, पुढचा मागे. इलॅस्टिक घातलं तर चिरा तोंड वासतात आणि खिसा सापडत नाही. लांबी घोट्यापर्यंत; जमिनीवर लोळणारा घेर कष्टकरी बाईच्या अंगावर खोटा.

वरून कमरेखालपर्यंतचा सैल अंगरखा सव्वादोन मीटरमध्ये होतो. तो पुढे एकावर एक घेऊन टाचणीने बंद करत आणि एप्रनच्या बंदाने आवळत. प्रयोगात खऱ्या टाचण्यांऐवजी आतून हुक लावा, टाचण्या फक्त दाखवायच्या प्रसंगी. 90 सेंटिमीटर चौरस मलमल तिरकी कापली की गळ्याभोवतीचे दोन रुमाल निघतात. डोक्यावर पांढरी टोपी हवीच.

गुलाम स्त्री रंगवताना तिला चिंध्या गुंडाळू नका. कापड खरबरीत असलं तरी डोक्याचा रुमाल ती नीट, स्वतःच्या पद्धतीने बांधायची. व्हर्जिनियातल्या दुकानांच्या वह्यांत गुलामांनी स्वतः पिकवलेलं, पाळलेलं काही देऊन रिबीन, आरसा अशा वस्तू घेतल्याच्या नोंदी आहेत. कोऱ्या मांजरपाटावर एक लाल रिबीन द्या आणि ती कशी मिळवली हे नटीला ठाऊक असू द्या. वर्दीतल्या गुलाम नोकराचे कपडे वेगळे: त्याला मालकाच्या घराण्याचे रंग. जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरी ही वर्दी पांढरी आणि तांबडी होती.

दुकान

विल्यम्सबर्गमधल्या प्रेंटिस स्टोअरची 1740 ची इमारत आजही उभी आहे. मांडणीसाठी तिचे फोटो पाहा. काउंटर मध्ये, माल त्याच्यामागे फळ्यांवर. गिऱ्हाईक मालाला हात लावत फिरत नाही: ते मागतं, दुकानदार तागा काढतो, काउंटरवर उलगडतो, 36 इंची पट्टीने वार मोजतो. फळ्यांवर कापडाचे तागे, टाचण्यांची कागदी पाकिटं, बटणं, साखरेचे शंकू, खिळे, मीठ ठेवा.

रोख पैसे फार कमी दाखवा. व्यवहार उधारीचा: दुकानदार रोजवहीत नाव, वस्तू, माप आणि किंमत पौंड-शिलिंग-पेन्समध्ये लिहितो. 12 पेन्सचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड. व्हर्जिनियात एक स्पॅनिश चांदीचा डॉलर म्हणजे 6 शिलिंग. तंबाखूच्या सरकारी गोदामाची पावतीही 1730 च्या कायद्यापासून पैशासारखी फिरायची, तर हातकागदावर अशा दोन-चार पावत्या करून ठेवा. विवाहित बाईची खरेदी नवऱ्याच्या खात्यावर चढते, विधवेचं खातं तिच्या स्वतःच्या नावावर. म्हणजे वही उघडल्यावर दुकानदार कुणाचं नाव लिहितो, यातच त्या बाईची जागा कळते.

स्त्री दुकानदार दाखवायला कचरू नका. टोप्या, रिबिनी, हातमोजे, पंखे विकणारी दुकानं बायका चालवत, विल्यम्सबर्गमध्ये मार्गारेट हंटरचं असं दुकान होतं. बडे जमीनदार मात्र तंबाखू लंडनच्या अडत्याकडे पाठवून त्याच्या हिशेबात थेट तिथून कपडे मागवायचे, आणि महिन्यांनी आलेला कोट अंगाला बसायचा नाही. वॉशिंग्टनच्या पत्रांत या तक्रारी आहेत. तुमच्या जमीनदाराचा कोट खांद्यावर थोडा सैल झाला असेल तर दुरुस्त करू नका, तक्रारीचा एक संवाद घाला.

रंगीत तालमीआधी

सगळे कपडे घालून नटांना पायऱ्या चढायला, खाली बसायला, ओझं उचलायला लावा. मेणबत्त्या विजेच्याच घ्या, मलमल क्षणात पेट घेते. मे महिन्यात प्रयोग असेल तर लोकरी कोटाचं अस्तर फक्त पुढच्या भागाला लावा. शर्ट प्रत्येक नटाला दोन द्या. घामट शर्टाची कॉलर मऊ पडते, आणि दुसऱ्या अंकात जमीनदार व कारागीर यांतला फरक सगळ्यात आधी तिथेच पुसला जातो.