टेनिस एल्बो: कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं कशाने थांबलं

कोपराच्या बाहेरच्या हाडावर दाबलं की कळ यायची, कपडे पिळताना किंवा भरलेली बादली उचलताना पकडच सुटायची. बाम, शेक, पट्टा, आराम सगळं करून पुन्हा तेच, जाम वैताग आलेला. दुखतं कोपर पण तिथलं टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) असतं मनगट वर उचलणाऱ्या स्नायूचं, म्हणून व्यायाम मनगटाचा.

हात टेबलवर, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर, हातात १ किलोचं डंबेल. दुसऱ्या हाताने मनगट वर न्यायचं, मग तो हात सोडून दुखऱ्या हाताने ४ सेकंद लावत हळूहळू खाली, वर परत दुसऱ्याच हाताने, हे महत्त्वाचं. १५ वेळा, ३ सेट, रोज. करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या सकाळी जास्त ठणकलं तर डंबेलऐवजी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या. फरक काही आठवड्यांनी पडतो. करंगळीत मुंग्या येत असतील तर प्रश्न नसेचा असू शकतो, आधी ऑर्थोपेडिकला दाखवा.