रम बेटावर दोघांनी तंबूत राहायला जाताना: मे महिन्याची तयारी

सॅक भरायला घेण्याआधी सगळं सामान जमिनीवर पसरा आणि त्याचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात दोघांत मिळून एक पुरेल ते: तंबू, शेगडी, पातेलं, पाण्याचा फिल्टर, औषधांची पिशवी. दुसऱ्या ढिगात ज्याचं त्याच्याकडे हवंच ते: हेडटॉर्च, शिट्टी, नकाशा, रेनकोट आणि रेनपँट, स्लीपिंग बॅग, एका दिवसाचं खाणं. स्कॉटलंडच्या रम बेटावर जाणाऱ्या जोडप्याने ही वाटणी सगळ्यात आधी करावी असं माझं ठाम मत आहे. पहिल्या खेपेला वजन वाचवायच्या नादात आम्ही एकच नकाशा आणि एकच टॉर्च नेला होता. बेटावरच्या डिबिडिल या जागेच्या वाटेवर धुकं उतरलं, नवरा पाणी भरायला ओढ्यापर्यंत खाली गेला आणि पुढची वीस मिनिटं आम्ही एकमेकांना हाका मारत राहिलो. नकाशा त्याच्याकडे, टॉर्च माझ्याकडे, आणि वाऱ्यात हाक दहा पावलंही पोचत नव्हती. तेव्हापासून पहिला ढीग लहान होत गेला आणि दुसरा वाढत गेला.

रम हे पश्चिम किनाऱ्यासमोरच्या स्मॉल आइल्स बेटांमधलं सगळ्यात मोठं. १९५७ पासून ते राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. मोजकी माणसं राहतात, तीही पूर्वेकडच्या किनलॉक या एकाच गावात. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून मॅलेगपर्यंत रेल्वेने सव्वापाच ते साडेपाच तास आणि तिथून पुढे फेरी बोट. ही फेरी रोज नसते, पाहुण्यांना त्यावरून स्वतःची गाडी नेता येत नाही आणि वारा चढला की ती रद्द होते. म्हणून यादीतली पहिली गोष्ट सॅकमध्ये भरायची नाहीच: परतीच्या तारखेनंतरचे दोन मोकळे दिवस. ऑफिसात तसं आधीच सांगून ठेवा. सुट्टीला जोडून भारतात जायचं असेल तर विमान परतीच्या दुसऱ्या दिवशीचं घेऊ नका. आणि त्या दोन दिवसांचा शिधा वेगळ्या पिशवीत गाठ मारून ठेवा, रोजच्या खाण्यात मिसळू नका. आमची परतीची फेरी एकदा दीड दिवस उशिरा आली. त्या दीड दिवसात गाठीच्या पिशवीतलं भडंग आणि डिंकाचे लाडू होते म्हणून आम्ही निवांत बसून समुद्र बघू शकलो.

तारीख मेच्या पहिल्या तीन आठवड्यांतली धरा. पश्चिम किनाऱ्यावर वर्षातला त्यातल्या त्यात कोरडा काळ हाच. मेच्या मध्यावर सूर्य पाचच्या सुमाराला उगवतो आणि मावळायला रात्रीचे पावणेदहा होतात. मिज नावाची चावरी चिलटं साधारण मेअखेरीपासून ढगांसारखी उठतात, ती अजून आलेली नसतात. तरी डोक्यावर घालायची बारीक जाळी प्रत्येकी एक घ्याच, मुठीत मावते. एक वर्ष उन्हाळा लवकर आला तर त्या जाळीवाचून जेवणंसुद्धा अशक्य होईल.

कपड्यांचा विचार करताना सह्याद्री विसरायला लागतो, आणि आपल्या लोकांना तेच अवघड जातं. जुलैत राजमाचीला जाताना आपण मुद्दाम भिजतो, पाऊस कोमट असतो, चालून अंग तापतं, खाली उतरलं की भजी आणि चहा. रमला पाऊस आडवा येतो, हवा दहा अंशांच्या आसपास असते आणि ओलं अंग वाऱ्यात मिनिटामिनिटाला गार पडत जातं. बोटं वळेनाशी होणं, बोलताना शब्द अडखळणं, उगाच चिडचिड होणं ही अंग गारठत चालल्याची लक्षणं आहेत. ज्याला त्रास होतो त्याला ती स्वतःला कळत नाहीत, म्हणून दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं. सुती कपडा एकही नको, जीन्स तर नकोच. अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर, त्यावर फ्लीस, वर शिवणी टेप लावून बंद केलेलं जॅकेट. रात्री घालायचा कोरडा जोड आणि जाड लोकरी मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि काही झालं तरी दिवसा घालू नका. सकाळी पुन्हा ओले मोजे चढवायचं जिवावर येतं, पण रात्री पाय कोरडे राहिले तर ते सोसतं. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे घ्या आणि त्यावर गेटर्स, म्हणजे पोटरीपर्यंतची आवरणं, चढवा, कारण गाव सुटलं की वाट बहुतेक दलदलीतूनच जाते.

तंबू बुटका, दुहेरी कापडाचा आणि वाऱ्याला टिकणारा हवा. घरामागच्या बागेत, वारा सुटलेल्या संध्याकाळी, दोघांनी मिळून तो तीनदा उभारा. कोण दांडे ओवतं आणि कोण कापड धरून बसतं हे तिथेच ठरवा. बेटावर पाऊस सुरू असताना ठरवायला गेलं तर भांडण होतं. जमीन पीटची आहे, म्हणजे हजारो वर्षं अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा भिजका थर, आणि त्यात बारीक खुंट्या लोण्यात सुरी जावी तशा जातात आणि तशाच निघतात. रुंद, इंग्रजी व्ही आकाराच्या खुंट्या घ्या, चार जास्तीच्या. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा. किनलॉकला खाडीकाठी कॅम्पसाइट आहे, पहिली रात्र तिथेच काढलेली बरी. तिथून पुढे, २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये मोकळ्या रानात तंबू ठोकायचा हक्क सगळ्यांना दिला आहे. दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त एका जागी राहू नये आणि मागे खूण ठेवू नये एवढी रीत पाळायची. डिबिडिल आणि गुर्दिल इथे दगडी बोथी, म्हणजे निवाऱ्याच्या साध्या झोपड्या, आहेत. वाटसरूंसाठी त्या उघड्या असतात, पण जागा मिळेल असं धरून तंबू घरी ठेवू नका.

स्लीपिंग बॅग शून्य अंशाला आरामात झोप देणारी घ्या. बॅगेवर तापमानाचे आकडे असतात, त्यातला ‘कम्फर्ट’चा बघा, ‘लिमिट’चा नव्हे. खालची मॅट चांगली नसेल तर महागड्या बॅगेचा उपयोग होत नाही, कारण थंडी जमिनीतून येते.

खाण्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण बेटावर तीन दिवसांनंतर मनाचा तोल जेवणावर असतो. किनलॉकला छोटं दुकान आहे, पण त्याच्या भरवशावर जाऊ नये. रवा घरीच फोडणीत भाजून, मीठ-साखर-सुकं खोबरं घालून डबीत भरा. उकळतं पाणी ओतून झाकलं की सात मिनिटांत उपमा होतो. खिचडीला मूगडाळ नको, मसूरडाळ घ्या, ती लवकर शिजते. मेतकूट, लसणाची चटणी आणि तुपाची छोटी बाटली एवढ्यावर साधा भातही सणाचा होतो. दुपारी शेगडी पेटवायला लागू नये म्हणून पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या, नंतर खाकरे आणि चीज. गॅसचा हिशेब असा: आडोशाला एक लीटर पाणी उकळायला साधारण दहा ग्रॅम गॅस लागतो, वाऱ्यात त्याच्या दुप्पटही. दिवसाला वाऱ्यातले अडीच-तीन लीटर धरले तर २३० ग्रॅमचा एक डबा दोघांना चार दिवस पुरतो. दोन न्या. विमानात हे डबे चालत नाहीत, म्हणून बाहेरून येणाऱ्यांनी ते फोर्ट विल्यमला उतरून घ्यावेत. लायटर दोन, दोघांच्या खिशात एकेक. शेकोटी मात्र नाही. वसंतात मागच्या वर्षीचं वाळकं गवत अजून उभं असतं आणि स्कॉटलंडात वणव्यांचा मोठा हंगाम हाच. पीटने एकदा पेट घेतला की आग जमिनीखालून धुमसत जाते.

ओढ्याचं पाणी चहासारखं तांबूस दिसेल. तो रंग पीटचा, त्याने अपाय होत नाही. पण वरच्या अंगाला हरणं आणि रानशेळ्या असतात, म्हणून फिल्टर करा किंवा उकळा. शौचाला पाण्यापासून किमान तीस मीटर दूर, छोट्या खुरप्याने खड्डा करून. टिश्यू आणि पाळीचे पॅड बंद पिशवीतून परत आणायचे. पाळीची तारीख जवळ नसली तरी पॅड घ्या. गार हवा आणि दगदग यांनी माझी दोनदा लवकर आली आहे.

बेटावर राहता डॉक्टर नाही. औषधांत पॅरासिटामॉल, ओआरएस, फोडांच्या पट्ट्या, नेहमीच्या गोळ्या जास्तीच्या दोन दिवसांसह, आणि गोचीड काढायचा छोटा आकडा. जिथे हरणं आहेत तिथे गोचीड आहे, आणि तिच्यातून लाइम हा आजार होऊ शकतो. रोज रात्री तंबूत एकमेकांची पाठ, गुडघ्यामागची खोबण, काखा आणि केसांची रेघ तपासा. हे एकट्या माणसाला नीट जमत नाही, दोघं असल्याचा हा खरा फायदा. पुढचा महिनाभर अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर लगेच डॉक्टरांकडे जा.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा, एक्सप्लोरर क्रमांक ३९७. एक कागदाचा, एक फोनमध्ये उतरवून घेतलेला. होकायंत्र हवंच, पण या भागातल्या काही खडकांत लोह इतकं आहे की काटा फिरतो. शेजारच्या कॅना बेटावरच्या एका टेकडीला त्यावरूनच कंपास हिल नाव पडलं. म्हणून काट्याबरोबर ओढे आणि किनारा जुळवून बघत चला. निघण्याआधी दोघांनी आपापल्या फोनवरून ‘register’ असा संदेश ९९९ या ब्रिटनच्या आपत्कालीन क्रमांकाला पाठवून ठेवा. मग आवाजाचा सिग्नल नसताना संदेशानेही मदत मागता येते. मिनिटाभरात सहा शिट्ट्या म्हणजे मदत हवी, तीन म्हणजे ऐकू आलं. तुमचा मार्ग आणि ‘अमुक दिवशी रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर कळव’ अशी चिठ्ठी मागे राहणाऱ्या मित्राकडे द्या, आणि त्यात फेरी रद्द होण्याचे दोन दिवस धरा.

शेवटी कालनिर्णय काढा आणि अमावास्या कधी आहे ते बघा. रमच्या डोंगरमाथ्यांवर मँक्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्यांची जगातल्या सगळ्यात मोठ्या वसाहतींपैकी एक आहे. हिवाळा दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापाशी काढून ते वसंतात इथे परततात, हालिवल आणि आस्किवल या शिखरांच्या उतारांवरच्या बिळांमध्ये मेमध्ये एकच अंडं घालतात, आणि गरुड आणि मोठ्या कुरव पक्ष्यांच्या भीतीने फक्त काळोखातच जमिनीवर उतरतात. चांदण्या रात्री ते कमी येतात. हवा शांत असेल तरच, उजेड असताना किनलॉकहून कोरी डूच्या वाटेने वर चढा. सोबत अंगातले सगळे गरम कपडे, स्लीपिंग बॅगा, थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि लाल उजेडाचा टॉर्च. पांढऱ्या उजेडाने पक्षी भांबावतात. बिळांनी पोखरलेल्या हिरव्या उतारावर पाय देऊ नका, बाजूच्या खडकावर बसा आणि पहाट फुटेपर्यंत जागा सोडू नका. साडेअकरानंतर अंधारातून घोगरा, रडवा, हुंदके दिल्यासारखा आवाज सुरू होतो, मग दुसरा, मग सगळा डोंगर. नॉर्स, म्हणजे व्हायकिंग, लोकांनी इथल्या एका शिखराला ट्रॉलवल, राक्षसांचा डोंगर, असं नाव दिलं, ते हेच ऐकून असं सांगतात. आम्ही दोघं एकाच खडकाला पाठ टेकून तीन तास काही न बोलता बसलो होतो, आणि पंख कानाजवळून गेले की नवरा माझा हात दाबायचा.